तुकाराम का पुटपुटले?

चित्रपट पाहून झाल्यावर मुलांनी चार-चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते : "सालोमालो चांगला गातो. तुकाराम महाराज नुसते पुटपुटतात. पाठीमागून पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता पण पाऊस दिसला नाही."

आम्ही मोठी माणसे ते वाचून हसलो. नंतर ध्यानात आले, की हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. तिन्ही वाक्ये निरीक्षण म्हणून अगदी अचूक होती. चूक होती ती आमच्या जोडणीत, आणि त्या जोडणीने एका थोर चित्रपटाचा अर्थच उलटा केला होता.

ही गोष्ट २०१६ सालच्या डिसेंबरातली, बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतली. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांनी त्यांच्यामागे फडावर जाऊ नये म्हणून शाळांत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. अशाच एका शाळेत संध्याकाळी मुलांना काहीतरी चांगले दाखवावे, असे तिथल्या सरांना वाटत होते. टीव्ही लोकवर्गणीतून आला होता. गावातल्या एका नोकरदार माजी विद्यार्थ्याने डीव्हीडी प्लेअर, सराउंड आवाजाचा रिसीव्हर आणि स्पीकरांचा संच भेट दिला होता. सरांनी माहितीपुस्तिका पुढे घेऊन दोन दिवस खपून सगळे जोडले. मी सुटीवर गावी आलो होतो. 'तुम्ही शास्त्रज्ञ, तुमच्या हस्ते सुरुवात करू' असा आग्रह झाला.

चित्रपट होता प्रभातचा 'संत तुकाराम'. सुरू झाला तेव्हा आवाज क्षीण येत होता. मी ध्वनीची चकती फिरवली, आणखी फिरवली. मग मुलांना म्हणालो, "१९३६ सालचा चित्रपट आहे, आवाज जरा सांभाळून घ्या." पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने पुरावा न तपासता केलेले हे विधान होते. त्याची लाज मला आजही वाटते.

जुना म्हणून वाईट?

हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. यातले दामले प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचे कामही पाहत. म्हणजे आवाज हे ज्याच्या रोजच्या कामाचे अंग, अशा माणसाच्या देखरेखीखाली हा चित्रपट तयार झाला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्या काळी चित्रपटाच्या फितीच्या कडेला एक बारीक पट्टा असे. आवाजाच्या लाटांप्रमाणे त्यातून जाणारा प्रकाश कमीजास्त होई आणि प्रक्षेपकातील प्रकाशघट त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करी. या पट्ट्यात फार उंच स्वर नीट मावत नसत, खरखरही असे. पण बोललेले समजायला लागते किती? जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच पोचत असे, आणि त्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखदुःखाच्या बातम्या ऐकल्या. प्रभातच्या पट्ट्यात याहून बरेच अधिक मावत होते. तेव्हा 'जुना आहे म्हणून ऐकू येत नाही' हे उत्तर टिकत नाही.

शिवाय या चित्रपटात आवाज हा अर्थाचा भाग आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम बोलता बोलता गाऊ लागतात. बोलणे कुठे संपले आणि अभंग कुठे सुरू झाला, याची शिवण दिसत नाही. गौरीबाईंची जिजाई ठसक्यात, चढ्या आवाजात बोलते. पोर आजारी पडल्यावर ती वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला निघते, तेव्हा तो आवाज अंगावर येतो. आणि तुकारामांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणारा सालोमालो दिखाऊ गातो. मृदू, ठसकेबाज आणि दिखाऊ अशा तीन आवाजांत हा चित्रपट आपले म्हणणे मांडतो. यातला मृदू आवाजच पोचला नाही, तर उरतो तो सालोमालो. त्या मुलीने नेमके हेच नोंदवले होते.

आवाज गेला कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे उलगडून पाहिले. प्लेअरची लाल आणि पांढरी तार रिसीव्हरला बरोबर जोडलेली होती. समोरचे डावे-उजवे स्पीकर, मागचे दोन आणि जड आवाजाचा डबा, असे पाच ठोकळे आपापल्या जागी होते. सहावा, मधला स्पीकर मात्र खोक्यातच होता. त्याची तार आखूड होती आणि टीव्हीच्या वर ठेवायला फळी नव्हती. "समोर दोन आहेतच की, मग मधला कशाला?" असे सरांना वाटले. ज्याने टेपरेकॉर्डरच्या काळापासून दोन स्पीकरांवर गाणी ऐकली आहेत, त्याला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

घोटाळा इथेच झाला. तो समजायला आठवी-नववीचे बीजगणित पुरते.

डाव्या तारेतला संदेश 'ड' आणि उजव्या तारेतला 'उ' मानू. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर दोनच पट्ट्यांना जागा होती, पण अभियंत्यांना चार ठिकाणी आवाज हवा होता : डावीकडे, उजवीकडे, मध्ये आणि मागे. १९७० च्या दशकात डॉल्बी कंपनीने ही युक्ती चित्रपटगृहांत रूढ केली. जो आवाज दोन्ही तारांत सारखाच आहे तो मधला समजायचा, म्हणजे 'ड + उ'. जो दोन्हींत एकमेकांच्या उलट आहे तो मागचा समजायचा, म्हणजे 'ड – उ'. मध्ये वेगळा स्पीकर हवा होता, कारण नट पडद्याच्या मध्यावर बोलत असताना डाव्या कडेच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला त्याचा आवाज डावीकडून येतोय असे वाटू नये. १९८७ पासून हीच उकल करणारे प्रो लॉजिक मंडल घरगुती रिसीव्हरांतही आले.

आता या मंडलाला 'संत तुकाराम' दिला की काय होते? चित्रपट एकाच पट्ट्याचा. डिस्कवर तोच आवाज दोन्ही बाजूंना भरलेला. म्हणजे ड = स आणि उ = स.

ड + उ = २स
ड – उ = ०

रिसीव्हरने हिशोब चोख केला. आवाज दोन्ही तारांत सारखा आहे, म्हणून तो सगळा मधला ठरला आणि मधल्या स्पीकरकडे गेला. मधला स्पीकर खोक्यात! डाव्या-उजव्या स्पीकरांतून झिरपून जेवढा आला तेवढाच आम्ही ऐकला. जिजाई आणि सालोमालो आवाज चढवत, म्हणून त्यांचे झिरपणेही ऐकू आले. तुकाराम पुटपुटले.

आणि पाऊस? वजाबाकीचे उत्तर शून्य यायचे तर ड आणि उ काटेकोर सारखे हवेत. जुन्या फितीवरची खरखर दोन बाजूंत नेमकी सारखी उतरली नसावी. संवाद वजा झाले आणि ती उरलेली खरखर मागच्या स्पीकरांतून अखंड झरत राहिली. ज्या मुलीने मागे न दिसणारा पाऊस ऐकला, तिने 'ड – उ' ऐकले होते. आमच्यापैकी एकालाही ते ऐकू आले नाही, कारण आम्ही पुढच्या खुर्च्यांवर होतो आणि ती मागच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. रिसीव्हरच्या यादीत मधल्या स्पीकरपुढे 'मोठा', 'लहान', 'नाही' असे तीन पर्याय असतात. तिथे 'नाही' निवडले, की रिसीव्हर मधला आवाज दोन समान वाटे करून डाव्या-उजव्या स्पीकरांना देतो. आम्ही ते केले आणि खोलीत पागनीस बोलू लागले.

चित्राने लपवलेली चूक

आवाज तपासायला सरांनी मग शाळेच्या स्नेहसंमेलनाची डिस्क लावली. लेझीम सुरू झाले, आवाज खणखणीत, पण मुलांचे लाल फेटे काळे दिसत होते! आदल्या संध्याकाळी चित्रातही चूक होती आणि कोणालाच ती कळली नव्हती, कारण चित्रपटच कृष्णधवल होता.

प्लेअरच्या पिवळ्या तारेतून चित्राचा उजेड-अंधार आणि त्यावर एका उंच कंप्रतेच्या लहरीवर चढवलेले रंग, असे दोन्ही एकत्र येतात. ही तार टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात हवी. आमची हिरव्यात होती. हिरवे छिद्र ज्या पद्धतीचे, तिच्यात रंग वेगळ्या दोन तारांनी येतात. हिरव्यातून फक्त उजेड-अंधार घेतला जातो. म्हणून चित्र दिसते, पण रंगांवाचून. छिद्रांचा आकार सगळीकडे एकच असल्यामुळे हात चुकला तरी पिन नकार देत नाही.

कोणतीही मांडणी तपासायला नमुना असा घ्यावा, की दोष असेल तर त्यात तो उघडा पडेल. रंगांची तार तपासायला कृष्णधवल चित्रपट आणि मधला स्पीकर तपासायला लेझीमचा गलका, दोन्ही कुचकामी. प्रयोगशाळेत आपण ज्ञात नमुना आधी मोजतो आणि मग अज्ञाताकडे वळतो, तोच हा नियम.

पुस्तिकेचे परीक्षण

आता मुख्य आरोपीकडे वळतो. संचाबरोबर आलेली पुस्तिका मी त्या दिवशी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. ती अनेक भाषांत होती, त्यांत भारतीय भाषा एकही नव्हती. पण माझी तक्रार भाषेपुरती नाही. मराठीत असती तरी ती आमच्या उपयोगी पडली नसती.

पुस्तिकेत छिद्रांची चित्रे आहेत आणि बाण आहेत. ही पिन इथे, ती तिथे. मधला स्पीकर 'मधल्या' खुणेपाशी जोडा, असे एका पानावर आहे. त्या स्पीकरातून काय वाहते आणि तो न जोडल्यास काय हरवते, हे कुठल्याच पानावर नाही. स्पीकर नसल्यास यंत्राला तसे सांगावे लागते, ही गोष्ट तीसेक पाने पुढे एका तक्त्यात दडलेली आहे, आणि तिचा पहिल्या पानाशी काही संबंध आहे अशी पुसटशी सूचनाही नाही. प्रत्येक स्पीकरातून आळीपाळीने 'फस्स' असा आवाज काढून दाखवणारी चाचणी या यंत्रात होती. ती केली असती तर मधल्याची पाळी येताच शांतता पसरली असती आणि चूक अर्ध्या मिनिटात पकडली गेली असती. ही चाचणी पुस्तिकेत शेवटाकडे, जणू हौशी लोकांसाठी दिलेली आहे. अडचणींच्या तक्त्यात 'आवाज येत नाही : जोडणी तपासा' एवढेच. आमच्याकडे आवाज येत होता! 'आवाज येतो, पण संवाद येत नाहीत' ही सर्वांत नेहमीची तक्रार त्यात नव्हतीच.

अशी पुस्तिका माणसाला आज्ञाधारक बनवते, जाणता बनवत नाही. सांगितल्याप्रमाणे सगळे जुळले तर ठीक. एक तार आखूड निघाली, एक फळी कमी पडली, की वाचणारा निराधार. घरातला सोफा, गालिचा आणि समोर टीव्ही असे तिच्यातले चित्र. साठ मुले जमिनीवर बसलेली शाळेची खोली तिच्या कल्पनेत नाही.

हा दोष परक्या पुस्तिकेवर ढकलून आपल्याला मोकळे होता येईल का? आपल्या प्रयोगवह्या काढून पाहा. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे मंडल जोडा. कळ दाबा. वाचन नोंदवा.' किती वह्यांत लिहिलेले असते, की एक जोड सुटला तर काय दिसेल? विद्युतघट उलटा बसला तर कोणते वाचन येईल? परीक्षेला बरोबर आकृती काढणाऱ्याला गुण मिळतात. बिघडलेले मंडल पुढे ठेवून 'यात काय चुकले असेल?' असे विचारणारा परीक्षक विरळा. आमच्या सरांनी बी.एस्सी.ला ओहमचा नियम पडताळला होता, मी त्याहून बरेच काही पडताळले होते. तरी आवाज कमी येताच आम्हा दोघांना सुचले काय, तर आवाजाची चकती फिरवणे आणि मग १९३६ सालाला दोष देणे.

खोलीही बोलते

एक बाब पुस्तिकेला माहीत असण्याचे कारणच नव्हते, ती म्हणजे खोलीचे घुमणे. खोली बारा मीटर लांब, सात रुंद, साडेतीन उंच. आकारमान २९४ घनमीटर. गिलाव्याच्या भिंती, फरशी आणि छत मिळून सुमारे ३०० चौरस मीटर पृष्ठभाग. असा पृष्ठभाग आदळलेल्या ध्वनीचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतो, म्हणजे ९ चौरस मीटर शोषण. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक सॅबिन यांच्या सूत्राप्रमाणे आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६१ × आकारमान ÷ शोषण. रिकाम्या खोलीत हे उत्तर पाच सेकंदांच्या घरात जाते. एक शब्द विरण्याआधी पुढचे दहा त्यावर येऊन आदळतात.

साठ मुले बसली, की प्रत्येकी सुमारे ०.३५ चौरस मीटर धरून २१ ची भर पडते आणि वेळ १.६ सेकंदांवर येतो. उघडी खिडकी आवाज परत पाठवतच नाही, म्हणून ती पूर्ण शोषक. सहा खिडक्या उघडल्या तर आणखी ७ चौरस मीटर मिळतात. वसतिगृहातल्या जास्तीच्या गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या, त्यांचे सातेक धरू. वेळ साधारण एका सेकंदावर आला. वर्गखोलीसाठी ०.६ सेकंद चांगला मानतात, तिथवर आम्ही पोचलो नाही, पण संवाद कळायला एवढे पुरले. खर्च शून्य. आदल्या दिवशी मात्र अंधार हवा म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. डिसेंबरात साडेसहाला बाहेर अंधारच असतो!

शिवाय रिसीव्हरमध्ये 'हॉल' नावाची एक सोय चालू होती. ती मुद्दाम घुमारा मिसळते. जी खोली मुळातच घुमते, तिला आणखी घुमवायचे कारण नाही. ती बंद केली.

जोडण्यापूर्वी

आता डिस्कचे दिवस सरत आले आहेत. शाळांत चित्रपट पेनड्राइव्हवरून किंवा इंटरनेटवरून लागतात आणि पाच-सहा तारांच्या जागी एचडीएमआयची एकच तार चित्र आणि आवाज दोन्ही नेते. कित्येक संचांत तर टीव्हीचा आवाज त्याच तारेने उलटा रिसीव्हरकडे येतो. चुकीच्या छिद्राची भीती कमी झाली, पण काय वाहते आहे हे तारेकडे पाहून कळण्याची सोयही गेली. मधला स्पीकर 'आहे' की 'नाही' हा प्रश्न यादीत आजही तसाच आहे.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवतो, की जोडणीआधी मुलांकडून फळ्यावर वाहण्याचा नकाशा काढून घ्या. चित्र कुठून निघते आणि कुठे पोचते? आवाज कुठून निघतो, कुठे दुभागतो, कुठे पोचतो? मग यंत्राचा वीजपुरवठा बंद ठेवून तारा जोडा. स्पीकर रिसीव्हरपासून सुटा असताना दीड व्होल्टचा घट त्याच्या टोकांना क्षणभर लावा. घटाचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल, तर पडदा बाहेर सरकतो. दोन स्पीकरांपैकी एक उलटा जोडला, तर दोन्हींच्या मधोमध बसलेल्यांपाशी जड आवाज एकमेकांना मारतात आणि बोलणे पोकळ होते. हा प्रयोग मुद्दाम चूक करून दाखवण्याजोगा आहे. शेवटी चाचणीचा आवाज फिरवा आणि तो ऐकायला एका मुलाला मागच्या भिंतीशी बसवा. पुढच्या खुर्चीतले मत ग्राह्य धरू नका.

आठवड्याने 'संत तुकाराम' पुन्हा लावला. आधी मी मुलांपुढे कबुली दिली, की मागच्या वेळी चित्रपट जुना म्हणून नव्हे, आमच्या चुकीने नीट ऐकू आला नाही. फळ्यावर ड आणि उ मांडून बेरीज-वजाबाकी करून दाखवली. आपला पाऊस वजाबाकीतून आला होता, हे कळल्यावर ती मुलगी खूश झाली.

या वेळी तिने लिहिले : "सालोमालो चांगलाच गातो. पण तुकाराम महाराज आपल्याशी बोलल्यासारखं गातात. मला जिजाई आवडली."

सालोमालो तिला अजूनही आवडतो, याबद्दल माझी तक्रार नाही. दोघांनाही नीट ऐकून तिने हे ठरवले आहे. पहिल्या कागदावरचे मत तिचे नव्हतेच, ते आमच्या जोडणीचे होते.